पिशवीची सूज

सणसर, ता. इंदापूर
११ जून २०२३

राजी, तुला आन् विजूला आशीर्वाद.

फोनवर मला काय ऐकू येत न्हाय हे तुला ठावं हाय. त्या सुया टोचल्यापास्नं कान गेले ते गेलेच. मशीन घातलं तर पंख्याची घरघर तेवढी ऐकू येती. आन् हे बोलनं वरडून करायचं न्हाय. म्हनून सातवीपतूर शिकले त्याचा आज उपेग करते. शेजारचा दत्तोबा रोज गाडीवर तिकडं एमआयडीसीत कामाला येतो, त्याच्याजवळ पाकीट चिकटवून दिलंय. उत्तर बी त्याच्याच हाती दे.

काल जोतीरामतात्या आलते. तुझे मामंजी गेल्यापास्नं माझे हे धाकटे दीरच घरातलं बोलत्यात, तुला म्हाईत हाय. खाटंवर बसले आन् म्हनले, "वहिनी, नऊ वर्सं झाली. विजयचं दुसरं बघाया पायजे. एक स्थळ हाय, फारकत झालेली पोरगी, घरचं चांगलं हाय." मी हूं न्हाय केलं आन् चूं बी न्हाय केलं. ऐकू आलं न्हाय असं दाखवलं. पन सगळं ऐकू आलं. तात्याचा आवाज मोठा हाय.

राजी, आतापतूर तू लई उपास केलं, लई गोळ्या खाल्ल्या. तुला जिनं जे सांगितलं ते तू केलंस. पन नेमकं काय बिघडलंय हे कुनी सांगितलं न्हाय. एकदा धड तपासून घे. दोघं बी तपासा, विजूला बी ने. कारन कळूं दे. कारन कळलं की तात्याला काय सांगायचं ते मला सांगता येईल.

पाऊस न्हाय. उसाला पानी देऊन कटाळा आलाय.

तुझी आत्या

*

जळोची, बारामती
२३ जुलै २०२३

आत्या, पाया पडते.

उत्तराला उशीर झाला, कारण सांगण्यासारखं हातात काही नव्हतं. आता थोडं आहे.

नव्या डॉक्टरीणबाईंकडे सगळ्या जुन्या फायली पिशवीत भरून नेल्या. बाईंनी एकेक उघडून बघितली आणि सगळ्या बाजूला ठेवल्या. मग म्हणाल्या, "इतक्या वर्षांत नळ्या कुणी तपासल्या?"

मी म्हटलं, "कसल्या नळ्या?"

त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. आत्या, लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आपल्या पोटात काय कुठं आहे ते मला परवा कळलं. मधे गर्भाची पिशवी. तिच्या दोन्ही अंगांना एकेक बारीक नळी. नळीच्या टोकापाशी बीजाच्या गाठी. दर महिन्याला एक बीज सुटतं आणि नळीत येतं. पुरुषाचं बी पिशवीतून वर चढून त्याच नळीत त्याला भेटतं. तिथं जुळलं तर ते हळूहळू खाली येतं आणि पिशवीच्या अस्तरात रुजतं. म्हणजे बाईमध्ये तीन गोष्टी बघायच्या असतात. बीज होतं का, वाट मोकळी आहे का, आणि रुजायची जागा नीट आहे का. पुरुषाची तपासणी सगळ्यांत सोपी, म्हणून ती पहिली करायची.

हे आधी तयार होईनात. "माझं काय तपासायचं?" म्हणून दोन दिवस बोलले नाहीत. मग एकदा शिफ्टवरून येताना स्वतःच जाऊन आले. त्यांचा रिपोर्ट चांगला आहे.

माझं थायरॉईड बरोबर आहे. सोनोग्राफीला सारखी बोलवत होत्या, त्यात बीज वाढतंय, वेळेवर फुटतंय, सगळं दिसलं. मी बाईंना विचारलं, मग मी आजवर कसल्या गोळ्या खात होते? म्हणाल्या, "बीज तयार व्हायच्या." ते तर पहिल्यापासून होतच होतं. त्या गोळ्यांनी माझं डोकं दुखायचं, अंग सुजायचं, आणि मला वाटायचं, दुखतंय म्हणजे गुण येत असेल.

आता नळ्यांचा एक्स-रे करायचा आहे. पाळी येऊन गेली की लगेच करतात.

दवाखान्यात बसून बसून कंबर धरते. शेजारी बसलेल्या बाया एकमेकींना विचारतात, "तुमचं कितवं वर्ष?" शाळेतल्या पोरी इयत्ता विचारतात तसं.

राजलक्ष्मी

*

सणसर
२ ऑगस्ट २०२३

राजी, पत्र मिळालं.

विजूचं चांगलं निघालं हे वाचून जिवाला बरं वाटलं. मी लगीच तात्याच्या घरी जाऊन सांगितलं, आमच्या विजूत काय बी खोट न्हाय. घरी आले, चुलीम्होरं बसले आन् मग ध्यानात आलं की मी काय सांगून आले. आता तात्या म्हनत्यात, "मग खोट कुनात हाय हे सांगाया डॉक्टर कशाला पायजे?"

चुकलंच माझं. तू एक्स-रे काढ. भिऊ नको.

आत्या

*

जळोची
२४ सप्टेंबर २०२३

आत्या, पाया पडते.

तुम्ही तात्यांकडे जाऊन काय बोललात ते ह्यांना तिकडूनच कळलं होतं. मी काही मनाला लावून घेतलं नाही. आता लावून घ्यायलासुद्धा जोर लागतो.

एक्स-रे झाला. पिशवीत खालून औषध सोडतात आणि ते नळ्यांतून पोटात सांडतं का ते पडद्यावर बघतात. "थोडं दुखेल" म्हणाल्या. मी टेबलाची कड धरली होती, ती सुटेना. पडद्यावर पिशवी पांढरी उमटली. नळ्यांमध्ये औषध थोडंसं गेलं आणि तिथंच थांबलं. दोन्ही बाजूंना. बाईंनी दुसऱ्यांदा बघितलं तेव्हाच मला कळलं.

मग दुर्बीण घातली. बेंबीपाशी लहान छेद देऊन आत बघतात. भूल दिलेली होती. शुद्धीवर आले तेव्हा हे पायाशी बसले होते आणि माझ्या चपला हातात घेऊन बसले होते. कशाला ते त्यांनाही माहीत नव्हतं. पिशवीच्या अस्तराचा एक तुकडा तपासायला पाठवला होता, त्याचाही रिपोर्ट आला.

पिशवीला सूज आहे. जुनी आहे, त्यामुळे नळ्या बंद झाल्यात. सहा महिने रोज गोळ्या घ्यायच्या. सूज गेली की पुढचं बघू म्हणाल्यात. पाळी वेळेवर यायची, पोटात दुखायचं नाही, म्हणून कुणाला शंका आली नाही.

काळजी करू नका. इकडे यायची घाई करू नका, दिवाळीलाच या. शाळेत माझं बरं चाललंय. लहान वर्ग आहे, पोरं दिवसभर "टीचर, टीचर" करत पदर ओढतात.

राजलक्ष्मी

*

सणसर
१७ नोव्हेंबर २०२३

राजी,

पाडव्याला मी जेवन झाल्या झाल्या निघाले, तवा तुला वाटलं असंल आत्या रुसली. रुसले न्हाय. मला तितं बसवंना.

न्हानीत तांबडं पानी दिसलं तवाच मनात पाल चुकचुकली, माझ्या आजारात गोळ्यांनी माझी लघवी बी अशीच तांबडी व्हायची. मग फ्रीजवरच्या डब्यात शेवया बघाया हात घातला आन् ती पाकिटं हाताला लागली. राजी, त्या गोळ्या मी आंधळी झाले तरी वळखीन. दोन डाव खाल्ल्यात मी त्या. दुसऱ्या डावाला वर सुया बी घेतल्या आन् कान घालवून बसले. पिशवीची सूज म्हनं! टीबी हाय तो. माझाच टीबी.

तुझं लगीन होऊन हळद निघाली नव्हती तवा मी पडले. घरातले बापय उंबऱ्याच्या आत येईनात. तू माझ्याच खोलीत निजायचीस. माझं थुंकीचं भांडं तू उचललंस, माझी पाठ तू चोळलीस. खोकला यायचा तवा तू मला मांडीवर धरायचीस आन् मी तुझ्या तोंडावर खोकायची. आन् बरी होऊन मी काय केलं? चार वर्सांनी तुला बायांच्या म्होरं म्हनले, "हिची कूस कधी उजवायची?"

मला रातभर झोप न्हाय. म्हनून भाऊबीजेला तात्याच्या घरी सगळी जमली हुती, लेकी-जावई, नातवंडं, तितं मी उभी राहून सांगितलं. "पोरीला मूल न्हाय त्याला कारन मी हाय. माझा टीबी तिच्या पोटात गेला. आता तिला कुनी काय बोललं तर आदी मला बोला." तात्या खाली बघत बसले.

आता तुला कोन नावं ठेवतंय ते बघू.

आत्या

*

जळोची
२६ नोव्हेंबर २०२३

आत्या,

हे पत्र मी दोनदा फाडलं. तिसऱ्यांदा लिहितेय.

तुम्हाला कुणी सांगितलं होतं बोलायला?

तात्यांची धाकटी लेक इथं आमच्या पलीकडच्या गल्लीत राहते. तिचा मुलगा माझ्याच वर्गात आहे. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली, मी पोरांना ओळीत उभं करत होते, तेवढ्यात मोठ्या बाईंनी बोलावून घेतलं. म्हणाल्या, "पालक फोन करतायत. तुमच्या तब्येतीचं कळलं. तुम्ही बऱ्या होईपर्यंत घरीच थांबा." मी सांगितलं, मॅडम, हा छातीतला नाही, पोटातला आहे, खोकल्यातून दुसऱ्याला होत नाही, डॉक्टरांशी बोला. त्या म्हणाल्या, "मला कळतंय हो, पण लोकांना कसं सांगू?" मी माझा डबा घेतला आणि घरी आले. तो मुलगा जाळीतून हात हलवत होता.

आत्या, हे मी तुमच्यापासून लपवलं ते तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून, असं तुम्हाला वाटत असेल. तसं नाही. मी माझ्यासाठी लपवलं. मूल नाही हे एक नाव मला आहे, त्यात दुसरं नको होतं. पहिल्याच दिवशी डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, घरात कुणाला टीबी झाला होता का? मी नाही म्हटलं. हे शेजारी बसले होते, तेही काही बोलले नाहीत. दुर्बिणीनंतर परत विचारलं, तेव्हा सांगितलं.

आणि माझाच टीबी, माझाच टीबी असं तुम्ही ठरवून टाकलंत. बाई म्हणाल्या की कुणाकडून आला ते सांगताच येत नाही. हा जंतू लहानपणीच अंगात शिरून वर्षानुवर्षं गप्प बसतो. बसमध्ये, शाळेत, माहेरी, कुठंही. रक्तातून फिरत नळ्यांमध्ये जाऊन बसतो, आणि बाईला साधा ताप येत नाही. मूल होत नाही म्हणून तपासलं तर सापडतो, नाहीतर सापडतही नाही.

मी तुमचं केलं ते केलं. त्याची अशी परतफेड करू नका. तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून तुम्ही मोठ्यानं बोलता. बाकी सगळ्यांना ऐकू येतं.

काही दिवस लिहू नका.

राजलक्ष्मी

*

सणसर
२० फेब्रुवारी २०२४

राजी,

तू लिहू नको म्हनलीस, न्हाय लिहिलं. संक्रांतीला तीळगूळ दत्तोबाजवळ दिला हुता, तो मिळाला का न्हाय हे बी विचारलं न्हाय. आज लिहिते. वाचायचं नसंल तर ठेवून दे.

तुझं पत्र वाचून मी तात्याकडं परत गेले हुते. म्हनलं, नीट सांगावं की पोरीचा आजार पोटातला हाय, त्यो लागत न्हाय. सगळ्यांनी माना हालवल्या. च्या आला. सगळ्यांला कपात आन् मला कागदाच्या गिलासात. मी त्यांच्या सुनंच्या तोंडाकडं बघितलं, ती दुसरीकडं बघाया लागली. आठ-नऊ वर्सांमागं बरी झालेली बाई मी. डॉक्टरनं लिहून दिलेली.

च्या पिले. तसाच पिले. वाटंनं येताना सोताला म्हनलं, ठमाबाई, तुला एक गिलास असा मिळाला तर तुझ्या घशाखाली उतरंना, आन् तू त्या पोरीची शाळा घालवून आलीस.

आनखी एक सांगायचं हाय. तात्याचं स्थळ गेलं. पोरीकडच्यांला कळलं की ह्यांच्या घरात टीबी हाय, त्यांनी न्हाय म्हनून कळवलं. तात्या माझ्यावर डाफरले. मला हसू आलं, राजी. लई दिसांनी आलं. मग रडू बी आलं, पन आदी हसू आलं.

कारखान्याची टोळी येऊन ऊस तोडून गेली. रान मोकळं झालं. दिसभर ओट्यावर बसून ऱ्हाते. एकच विचारते, त्याचं उत्तर दे. आजार कुनाकडनं आला ते सांगता येत न्हाय, असं तू लिहिलंस. ते खरं हाय, का मला बरं वाटावं म्हनून लिहिलंस?

आत्या

*

जळोची
१२ मे २०२४

आत्या, पाया पडते.

तीळगूळ मिळाला होता. मी खाल्ला, पण निरोप दिला नाही. तेव्हा राग होता, आता नाही. गेला कधी ते कळलं नाही.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. ते खरं आहे. मी बाईंना दोनदा विचारलं, दोन्ही वेळा त्यांनी हेच सांगितलं. तुमच्याकडून आला असेल. नसेलही. मी रागात असताना तुम्हाला बरं वाटावं म्हणून काही लिहीन का? आता मला त्याचा शोध घ्यायचा नाही. तुम्हीही घेऊ नका.

शाळेत जानेवारीपासून परत जातेय. हे एकदा कंपनीच्या कपड्यातच मोठ्या बाईंकडे गेले आणि आमच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावून त्यांच्या हातात दिला. दोन पालकांनी मुलं काढून घेतली. तात्यांच्या लेकीनं मात्र काढलं नाही. एक दिवस फाटकापाशी माझ्याजवळ येऊन थांबली, मग मुलाचा हात धरून गेली.

गोळ्या मार्चअखेर संपल्या. परवा पिशवीत दुर्बीण घालून बघितलं. नंतर बाईंनी आम्हाला दोघांना समोर बसवलं.

"आजार गेलाय," त्या म्हणाल्या. "पण जाताना जागा खराब करून गेलाय."

ह्यांनी विचारलं, "टेस्ट ट्यूबनं?"

"नुसत्या नळ्या बंद असत्या तर मी स्वतःच म्हटलं असतं, करू या. बीज बाहेर जुळवता येतं. पण ते ठेवायचं कुठं? पिशवीच्या आतल्या भिंती एकमेकींना चिकटल्यात. सोडवता आल्या तेवढ्या सोडवल्या. अस्तर फार पातळ आहे. तुम्ही करा म्हणालात तर करीन, पण टिकेल असं मी सांगणार नाही."

मी विचारलं, "आधी कळलं असतं तर?"

त्या म्हणाल्या, "कदाचित. सुरुवातीला सापडला तर कधी कधी वाचतं. नक्की असतंच असं नाही." मला त्यांचा राग आला नाही. इतक्या वर्षांत माझ्याशी खरं बोलणाऱ्या त्या पहिल्याच.

खाली आलो. ह्यांनी गाडीला किल्ली लावली आणि तसेच उभे राहिले.

"राजी, अजून कुठं दाखवायचं का? पुण्याला?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतं बास करावं. मी दमलोय. पण तू म्हणालीस तर जाऊ."

"मीपण दमले," मी म्हटलं.

आत्या, एवढंच बोलायला आम्हाला दहा वर्षं लागली. मी त्यांच्यासाठी जात होते आणि ते माझ्यासाठी नेत होते.

मग त्यांनी तिथंच उन्हात उभं राहून तात्यांना फोन लावला. "तात्या, आम्हाला मूल होणार नाही. पक्कं कळलं. आणि मी दुसरं लग्न करणार नाही, ते स्थळं बघणं बंद करा. जेवलात का?" तिकडून काय म्हणाले ठाऊक नाही. हे म्हणाले, "बरं, मग जेवा," आणि फोन ठेवला.

मूल दत्तक घ्या, अमकं करा, असं आता सगळे सांगतील. घेऊही कदाचित. पण सध्या मला कुठलीही तारीख नको. कुठल्या दिवशी पाळी आली ते कॅलेंडरवर मांडायचं नाही, ती आली म्हणून न्हाणीत बसून रडायचं नाही. मला वाटायचं, कारण कळलं की काहीतरी मोठं होईल, मी कोसळेन. घरी आले, साडीसुद्धा न बदलता आडवी झाले आणि मला झोप लागली. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले, परत झोपले. हे भात लावतात, ताट झाकून ठेवतात, उठवत नाहीत. किती वर्षांची झोप साठलीय कोण जाणे.

तुम्ही तिकडे एकट्या ओट्यावर बसू नका. या इकडे.

राजलक्ष्मी

*

सणसर
१६ मे २०२४

राजी,

पत्र मिळालं. एकदा वाचलं, मग डोळे पुसून परत वाचलं. आत काय काय खराब झालंय ते समदं कळलं. आता त्यावर मी काय बोलत न्हाय, आन् दुसऱ्या कुनाला बोलू देत न्हाय.

तात्या आलते. खाटंवर बसले, गार पानी मागितलं. मी तांब्या दिला, ते प्याले आन् गेले. स्थळाचं काय काढलं न्हाय.

सोमवारच्या एसटीनं येते. विजूला स्टँडवर पाठवू नको, त्याची कामाची पाळी आसंल, मी रिक्षा करीन. भाकरीचं पीठ घेऊन येते, तुमच्याकडल्या चक्कीचं जाड असतं.

दुपारची पोचंन. तवा तू निजली असशील तर दार नुसतं लोटून ठेव. मी आले म्हनून उठू नको.

आत्या